तुम्ही कुठे आहात? : एका छोट्या चौकटीची जन्मकथा

ब्राउझरच्या वरच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट उघडते आणि अमुक संकेतस्थळाला तुमचे स्थान हवे आहे, असे सांगते. खाली दोन बटणे असतात : परवानगी द्या, किंवा नाकारा. आपण त्या वेळी जवळचे औषधाचे दुकान शोधत असतो किंवा पाऊस कधी थांबणार हे पाहत असतो, आणि घाईघाईत ‘द्या’वर बोट टेकवून मोकळे होतो. आजचा धागा या चौकटीच्या इतिहासाचा आहे.

इतिहास म्हटला की आपण सनदा, बखरी आणि तहनामे यांच्याकडे वळतो. इंटरनेटची प्रमाणके हेही एका अर्थाने तहनामेच असतात. परस्परांच्या स्पर्धेत उतरलेल्या कंपन्या एका टेबलाभोवती बसतात, कलमाकलमांवर घासाघीस होते, काही कलमे गाळली जातात, आणि गाळलेल्या कलमांचे परिणाम त्या खोलीत कधीही न गेलेल्या लोकांना भोगावे लागतात.

या चौकटीत तिसरे बटण का नाही? ‘देतो, पण उद्यापर्यंतच ठेवा’ किंवा ‘देतो, पण तिसऱ्या कोणाला सांगू नका’ असे म्हणण्याची सोय का नाही? गंमत अशी, की ही सोय २००५ सालीच कागदावर तयार होती. वेबचे प्रमाणक घडत असताना ती त्यात घ्यावी, असा आग्रहही धरला गेला. तो फेटाळला गेला. कोणी आणि का फेटाळला, ते पाहू.

आधी थोडी पार्श्वभूमी. वेबच्या मूळ रचनेत भूगोलाला जागाच नव्हती. पान मागणाऱ्या संगणकाचा आयपी पत्ता सर्व्हरला दिसतो, एवढेच. नावात ‘पत्ता’ असला तरी आपल्या ‘मु. पो., ता., जि.’ या उतरंडीशी त्याचा काही संबंध नाही. तो कोणत्या इंटरनेट सेवादात्याकडून आला हे कळते. त्यावरून देशाचा आणि फार तर शहराचा अंदाज बांधता येतो.

हा अंदाज कितपत विश्वसनीय, हा प्रश्न २००० साली पॅरिसच्या न्यायालयात उभा राहिला. याहूच्या लिलावाच्या पानांवर नाझी चिन्हांच्या वस्तू विकायला होत्या आणि फ्रान्समध्ये अशा वस्तूंचे प्रदर्शन कायद्याने निषिद्ध होते. वर्णद्वेषविरोधी संघटना लिक्रा आणि ज्यू विद्यार्थ्यांची संघटना यांनी याहूवर दावा दाखल केला. याहूचा बचाव असा : समोरचा ग्राहक कोणत्या देशात बसला आहे हे आम्हाला कळतच नाही, तर त्याला अडवायचे कसे? न्यायाधीश झाँ-जॅक गोमेझ यांनी तज्ज्ञांची समिती नेमली. तीत इंटरनेटच्या जनकांपैकी एक असलेले व्हिंट सर्फ आणि ब्रिटिश तंत्रज्ञ बेन लॉरी होते. फ्रान्समधील सुमारे ७० टक्के वापरकर्ते आयपी पत्त्यावरून फ्रेंच म्हणून ओळखता येतील, आणि जोडीला ग्राहकाकडून राष्ट्रीयत्वाची घोषणा घेतली तर प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास जाईल, असे उत्तर आले. २० नोव्हेंबर २००० रोजी न्यायालयाने याहूविरुद्धचा आदेश कायम केला. वेबला सीमा नाहीत, या तोवरच्या गोड समजुतीला हा मोठा धक्का होता.

उरलेल्या टक्क्यांचे काय? त्याची एक विदारक हकीकत अमेरिकेतली आहे. आयपी पत्त्यावरून स्थान सांगणाऱ्या मॅक्समाइंड या कंपनीला एखाद्या पत्त्याबद्दल ‘अमेरिकेत कुठेतरी’ याहून अधिक काही ठाऊक नसले, की ती देशाच्या मध्याजवळचा एक बिंदू उत्तरादाखल देत असे : ३८ अंश उत्तर, ९७ अंश पश्चिम. हा बिंदू कॅन्सस राज्यातील एका शेतघरावर पडत होता. ६० कोटींहून अधिक आयपी पत्ते त्या एका अंगणात येऊन साचले. वर्षानुवर्षे पोलिस, सरकारी तपासनीस आणि ऑनलाइन फसवणुकीने संतापलेले लोक त्या दाराशी येऊन थडकत राहिले. घरातल्यांना आपला गुन्हा काय हेच कळेना. २०१६ मध्ये पत्रकार कश्मीर हिल यांनी हे कोडे उलगडले. मग कंपनीने तो बिंदू उचलला आणि एका जलाशयाच्या मध्यावर नेऊन ठेवला. ही हकीकत लक्षात असू द्या. पुढे एका बारीकशा कलमाचे मोल समजायला ती उपयोगी पडेल.

दुसरीकडे मोबाइल फोनला स्वतःचे ठिकाण कळू लागले होते. संकटात ९११ क्रमांकावर मोबाइलवरून फोन करणारा माणूस कुठे आहे हे समजावे, असा नियम अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने १९९६ साली केला. २००० च्या मे महिन्याच्या आरंभी अमेरिकेने नागरी जीपीएस संकेतांमध्ये मुद्दाम मिसळलेली अशुद्धता काढून टाकली, आणि तोवर १०० मीटरपर्यंत चुकणारे यंत्र काही मीटरांच्या आत आले. तरीही जीपीएसला आकाश दिसावे लागते. घरात, बाजारपेठेच्या इमारतीत ते आंधळे होते. शिवाय लॅपटॉपमध्ये जीपीएस असतोच कुठे?

यावर निघालेली वाट मला या साऱ्या कथेतली सर्वांत चतुर आणि सर्वांत अस्वस्थ करणारी वाटते. २००३ साली बोस्टनमध्ये टेड मॉर्गन आणि माइक शीन यांनी स्कायहूक वायरलेस ही कंपनी काढली. प्रत्येक वाय-फाय राउटर आपला ओळखक्रमांक सतत हवेत पुकारत असतो, मग त्याला पासवर्ड असो वा नसो. स्कायहूकने रस्तोरस्ती गाड्या फिरवल्या आणि कोणता राउटर कुठे ऐकू येतो याची वही तयार केली. आता तुमच्या लॅपटॉपला शेजारपाजारचे चार राउटर ऐकू येत असतील, तर त्यांची यादी या वहीशी ताडून तुमची जागा सांगता येते. उपग्रहाची गरज नाही, आकाशाची गरज नाही. जानेवारी २००८ मध्ये ॲपलने आयफोनच्या नकाशात हीच युक्ती वापरली. राउटरच्या मालकांना मात्र कोणी काही विचारले नव्हते. त्यांचे घर इतरांसाठी मैलाचा दगड झाले होते आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

२००८ च्या जुलैमध्ये ॲपलचे ॲप स्टोअर उघडले. ॲप लिहिणाऱ्याला फोनकडून स्थान मिळू लागले. संकेतस्थळ लिहिणाऱ्याला मिळेना. वेबवर ज्यांचा धंदा उभा होता त्यांच्यासाठी ही धोक्याची घंटा होती. गूगलने ‘गिअर्स’ नावाचे एक जोडपत्र ब्राउझरसाठी २००७ मध्येच काढले होते. २००८ मध्ये त्यात स्थान सांगण्याची सोय आली. ऑक्टोबर २००८ मध्ये फायरफॉक्सवाल्या मोझिलाने ‘जिओड’ हे प्रायोगिक जोडपत्र काढले. ते स्कायहूकच्या वहीवर चालत असे. दोन घरे, दोन तऱ्हा. हे असेच चालले असते तर प्रत्येक ब्राउझरसाठी वेगळी भाषा शिकावी लागली असती.

म्हणून प्रकरण गेले वेबची प्रमाणके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेकडे. २००८ मध्ये तिथे जिओलोकेशन कार्यगट स्थापन झाला. ऑपेरा या ब्राउझर कंपनीचे लार्स एरिक बोलस्टाड आणि व्होडाफोनचे आंखेल माचिन हे अध्यक्ष, तर गूगलचे आंद्रेई पोपेस्कू मसुद्याचे संपादक. पहिला जाहीर मसुदा २२ डिसेंबर २००८ रोजी निघाला. गिअर्सची छाप त्यावर उघड दिसत होती.

मसुदा रचनेच्या दृष्टीने फारच देखणा होता, हे मान्य करायला हवे. संकेतस्थळाने एकच विचारणा करायची : आत्ताचे स्थान काय? किंवा, स्थान बदलत जाईल तसे कळवत राहा. उत्तर कुठून आणायचे हे ब्राउझरने पाहायचे. उपग्रहावरून, वाय-फायवरून, मोबाइलच्या मनोऱ्यावरून की आयपी पत्त्यावरून, याच्याशी संकेतस्थळाला कर्तव्य नाही. त्यामुळे पुढे तंत्र कितीही बदलले तरी प्रमाणकाला धक्का लागणार नव्हता, आणि खरोखरच लागला नाही. उत्तर येण्याची वाट पाहत पान अडून बसणार नाही, अशीही व्यवस्था होती. कारण मध्ये माणसाला प्रश्न विचारायचा होता, आणि माणूस उत्तर द्यायला कितीही वेळ लावू शकतो.

उत्तरात अक्षांश आणि रेखांश यांच्याबरोबर तिसरा आकडा अनिवार्य केला गेला : अचूकता, मीटरमध्ये. म्हणजे ‘तुम्ही इथे आहात’ एवढे म्हणून चालणार नाही. ‘इथे आहात, पण यात २० मीटर, किंवा २० किलोमीटर, इकडेतिकडे होऊ शकते’ असे म्हणावेच लागेल. आता कॅन्ससचे ते अंगण आठवा. तिथे आलेल्या कोणाच्याही हातातल्या कागदावर हा तिसरा आकडा असता, तर त्याने गाडी वळवली असती. आकडेवारीच्या जगात ‘मला नक्की ठाऊक नाही’ असे म्हणण्याची सक्ती करणारी कलमे दुर्मीळ असतात.

सुरुवातीच्या आराखड्यात, गिअर्सप्रमाणे, अक्षांश-रेखांशाबरोबर रस्ता, शहर, पिनकोड असा लिहिता येण्याजोगा पत्ता देण्याचाही विचार होता. तो पुढच्या आवृत्तीवर ढकलला गेला आणि तिथेच विरला. त्याबद्दल फार कोणी अश्रू ढाळले नाहीत. खरा वाद वेगळ्याच गोष्टीवर पेटला.

त्यासाठी थोडे मागे जाऊ. इंटरनेटच्या खालच्या थरांची प्रमाणके आयईटीएफ ही दुसरी संस्था ठरवते. तिथे २००१ सालापासून ‘जिओप्रिव्ह’ नावाचा गट काम करत होता. नावातच भूगोल आणि गोपनीयता यांची सांगड आहे. या गटाने आधी गरजा लिहिल्या (२००४), धोके लिहिले, आणि डिसेंबर २००५ मध्ये स्थान वाहून नेणारा एक प्रमाणित ‘लखोटा’ प्रसिद्ध केला. लखोट्यात स्थान असे, आणि त्याच लखोट्यात ते कसे वापरायचे याच्या अटीही असत. ही माहिती पुढे कोणाला द्यायची परवानगी आहे का? अट लिहिलेली नसेल तर उत्तर ‘नाही’ असे धरायचे. ही किती काळ जवळ ठेवायची? लिहिले नसेल तर २४ तास. म्हणजे मालक गप्प राहिला तरी नियम त्याच्या बाजूचा.

ही कल्पना ऐकली की मला आपल्या जुन्या पत्रव्यवहारातली एक सूचना आठवते. नाजूक मजकुराच्या पत्राच्या शेवटी, वाचून झाल्यावर हे पत्र फाडून टाकावे, असे लिहिलेले असे. मजकूर आणि मजकुराची अट एकाच कागदावर. आज दफ्तरात आपल्याला अशी पत्रे वाचायला मिळतात, याचा अर्थ त्या वाचणाऱ्याने ती फाडली नव्हती! जिओप्रिव्हच्या विरोधकांचा मुद्दा नेमका हाच होता.

वाद उभा राहिला तो असा. वॉशिंग्टनमधील सेंटर फॉर डेमॉक्रसी अँड टेक्नॉलॉजी या संस्थेच्या ॲलिसा कूपर आणि जॉन मॉरिस यांनी, आणि जिओप्रिव्हमध्ये काम केलेल्या रिचर्ड बार्न्स यांच्यासारख्या तंत्रज्ञांनी, डब्ल्यूथ्रीसीच्या गटाकडे मागणी केली की अटींचा हा भाग वेबच्या प्रमाणकातही घ्या. सगळा लखोटा नको असेल तर निदान दोन अटी तरी घ्या : पुढे द्यायचे की नाही, आणि किती काळ ठेवायचे. ब्राउझरने स्थानाबरोबर या दोन गोष्टीही संकेतस्थळाच्या हाती द्याव्यात.

ब्राउझर बनवणाऱ्यांचे उत्तर सरळ होते. माहिती एकदा दुसऱ्याच्या संगणकावर गेली की ती तिथे २४ तास राहते की २४ वर्षे, हे ब्राउझरला पाहता येत नाही आणि थांबवताही येत नाही. मग ‘पुढे देऊ नका’ असे बटण आम्ही दाखवले तर वापरकर्त्याला वाटेल की ब्राउझर त्याचे रक्षण करतो आहे. ही फसवणूक ठरेल. त्यापेक्षा जे आपल्या हातात आहे तेवढेच करावे : विचारल्याशिवाय द्यायचे नाही.

त्यांच्या मागे एक ताजा पराभवही उभा होता. संकेतस्थळाने आपले गोपनीयता धोरण यंत्राला वाचता येईल अशा भाषेत लिहावे आणि ब्राउझरने ते वाचून वापरकर्त्याला सावध करावे, या हेतूने डब्ल्यूथ्रीसीनेच पीथ्रीपी नावाचे प्रमाणक एप्रिल २००२ मध्ये मंजूर केले होते. कल्पना उदात्त होती. मोठ्या ब्राउझरांपैकी इंटरनेट एक्सप्लोररने तिचा काही भाग उचलला. बाकीच्यांनी फारशी दखल घेतली नाही, आणि अनेक संकेतस्थळे त्या भाषेत अर्थशून्य मजकूर भरून वेळ मारून नेऊ लागली. एकदा हात पोळलेले लोक पुन्हा तोच तवा उचलायला तयार नव्हते.

अटींच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे मला अधिक दूरदर्शी वाटते. ब्राउझरने अट पाळून घ्यावी, असे त्यांचे म्हणणे नव्हतेच. अट माहितीच्या अंगावर लिहिलेली असेल, तर माहिती घेणाऱ्याला ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ असे म्हणता येणार नाही, हा त्यांचा मुद्दा. पाळून घेण्याचे काम न्यायालये आणि नियामक करतील. पण त्यांच्या हातात पुरावा तर हवा. ‘खासगी मालमत्ता’ ही पाटी चोराला अडवत नाही, तरी वाट चुकून आत शिरलो ही सबब ती मोडून काढते. शिवाय प्रमाणक घडत असतानाच ही संधी असते. कोट्यवधी पाने एकदा लिहिली गेली, की त्या सर्वांना नवी अट वाचायला लावणे जवळपास अशक्य.

दोन्ही बाजूंना आपापल्या जागी तथ्य होते, आणि म्हणूनच हा वाद अभ्यासण्याजोगा आहे. ब्राउझरवाले ‘मी काय पाळून घेऊ शकतो’ असे विचारत होते, तर गोपनीयतावाले ‘कोणाला जबाबदार धरता येईल’ असे. पहिला प्रश्न अभियंत्याचा, दुसरा वकिलाचा. खोलीत अभियंते अधिक होते.

गटाने अटींची मागणी नाकारली. त्या बदल्यात प्रमाणकाच्या मजकुरात गोपनीयतेचा एक विभाग आला. त्यातले ब्राउझरसाठीचे कलम कडक होते : वापरकर्त्याच्या स्पष्ट परवानगीशिवाय स्थान संकेतस्थळाला देता कामा नये, आणि दिलेली परवानगी मागे घेता आली पाहिजे. पुढची कलमे माहिती घेणाऱ्यांसाठी होती. गरज असेल तेव्हाच मागा, ज्या कामासाठी घेतले त्याच कामासाठी वापरा, काम झाले की टाकून द्या, परवानगीशिवाय पुढे देऊ नका, किती काळ ठेवणार ते सांगा. जिओप्रिव्हची बरीचशी तत्त्वे इथे आली आहेत हे तुमच्या लक्षात आले असेल. फरक एवढाच, की ती लखोट्यावर आली नाहीत. ती एका अशा दस्तऐवजात आली, जो संकेतस्थळ चालवणाऱ्यांपैकी फार थोडे जण उघडून वाचणार होते.

आणखी एक मेख आहे. डब्ल्यूथ्रीसीचे प्रमाणक मंजूर व्हायचे तर त्याच्या चाचण्या घेतल्या जातात आणि वेगवेगळ्या ब्राउझरांनी त्या पार केल्याचे दाखवावे लागते. चाचणी ब्राउझरची होते. संकेतस्थळाने काम झाल्यावर माहिती टाकून दिली का, याची चाचणी लिहिताच येत नाही. म्हणजे ‘केलेच पाहिजे’ अशा सक्तीच्या भाषेतली ही कलमे जन्मतःच तपासणीच्या कक्षेबाहेर होती.

पुढचा प्रसार वेगाने झाला. जून २००९ मध्ये आयफोनच्या तिसऱ्या आवृत्तीतील सफारीत आणि ३० जून २००९ रोजी फायरफॉक्स ३.५ मध्ये ही सोय आली. २०१० च्या उन्हाळ्यात क्रोम ५, सफारी ५ आणि ऑपेरा १०.६० यांत, तर मार्च २०११ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ९ मध्ये. एवढ्या परस्परविरोधी घरांनी दोन वर्षांत एकच भाषा बोलायला लागणे, हे वेबच्या इतिहासात नेहमी घडत नाही.

फायरफॉक्सच्या बाबतीत एक तपशील नोंदवण्यासारखा आहे. चौकटीत नाव असे ते संकेतस्थळाचे. पण स्थान काढण्यासाठी ब्राउझर आजूबाजूच्या राउटरांची यादी आधी गूगलच्या सेवेकडे पाठवत असे, सोबत दर दोन आठवड्यांनी बदलणारा एक यादृच्छिक क्रमांक. म्हणजे संकेतस्थळाला तुमची जागा कळण्याआधी ती तिसऱ्याच कोणाला तरी कळलेली असे. हे मोझिलाने लपवलेले नव्हते, आपल्या माहितीपानावर स्पष्ट लिहिले होते. तरी परवानगीच्या प्रश्नात या तिसऱ्याला जागा नव्हती.

या तिसऱ्याकडची वही कशी भरली जाते, याकडे जगाचे लक्ष गेले ते मे २०१० मध्ये. रस्त्यांची छायाचित्रे घेत फिरणाऱ्या गूगलच्या स्ट्रीट व्ह्यू गाड्या वाय-फाय राउटरांच्याही नोंदी घेत होत्या. आणि त्या करताना पासवर्ड नसलेल्या जाळ्यांतून वाहणारा मजकूरही गोळा झाला, अशी कबुली गूगलने १४ मे रोजी दिली. अनेक देशांत चौकशा लागल्या. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये गूगलने राउटरमालकांसाठी एक तोडगा जाहीर केला : तुमच्या वाय-फायच्या नावाच्या शेवटी ‘नोमॅप’ हा शब्द जोडा, आम्ही तो वहीतून वगळू. नकार द्यायचा तर आपल्या घराचे नाव बदला, असा हा न्याय!

त्याच सुमारास, २०१० च्या आरंभी, बर्कली विद्यापीठातील निक डोटी, डिअर्ड्रे मलिगन आणि एरिक वाइल्ड यांनी या प्रमाणकावर एक अहवाल लिहिला. प्रमाणकाचा मजकूर आणि संकेतस्थळांवरचा त्याचा प्रत्यक्ष वापर, असे दोन्ही त्यांनी तपासले आणि गोपनीयतेच्या दृष्टीने बदल सुचवले. इतिहासाच्या अभ्यासकाला हा अहवाल मोलाचा, कारण प्रमाणक अजून ओले असतानाची ही समकालीन साक्ष आहे. प्रमाणकाची मूळ चौकट मात्र बदलली नाही. ७ सप्टेंबर २०१० रोजी ते उमेदवार अवस्थेत पोहोचले आणि २४ ऑक्टोबर २०१३ रोजी अधिकृत शिफारस झाले. तोवर जग ते चार वर्षे वापरत होते. राज्याभिषेक झाला तेव्हा राज्य कधीच चालू झाले होते.

रचनेतली एक असमानता इथे सांगायला हवी, कारण ती आजही टिकून आहे. संकेतस्थळाला ‘मला अधिक अचूक स्थान हवे’ असे म्हणण्याची सोय त्या शिफारशीत होती. वापरकर्त्याला ‘फक्त शहराचे नाव सांग’ असे म्हणण्याची सोय नव्हती. हवामान पाहायला तालुका पुरतो. गल्ली कळण्याचे काही कारण नसते. ही उणीव भरून काढली ती फोनच्या कार्यप्रणालींनी : आयफोनमध्ये २०२० साली आणि अँड्रॉइडमध्ये २०२१ साली ‘अंदाजे स्थान’ हा पर्याय आला. वेबचे प्रमाणक घडत असताना याची कल्पना कोणाला नव्हती असे नाही. जिओप्रिव्हमध्ये स्थान मुद्दाम धूसर करण्याची चर्चा केव्हाच झाली होती.

ब्राउझरवाल्यांवर अन्याय व्हायला नको. ‘जे पाळून घेता येते ते करू’ हा शब्द त्यांनी पुढे अधिकाधिक काटेकोरपणे पाळला. एप्रिल २०१६ मध्ये क्रोम ५० ने कूटबद्ध नसलेल्या पानांना स्थान देणे बंद केले, कारण अशा पानावरून जाणारी माहिती वाटेतल्या कोणालाही वाचता येते. २०१६ मध्येच सफारीने आणि ऑगस्ट २०१७ मध्ये फायरफॉक्सने तेच केले. २०१८ च्या आरंभी क्रोमने आणखी एक दार बंद केले : मुख्य पानात बसवलेल्या परक्या चौकटींना, म्हणजे जाहिराती वगैरेंना, मुख्य पानाच्या संमतीशिवाय स्थान मागता येईनासे झाले. दारावरचा पहारा दरवर्षी कडक होत गेला. दारातून बाहेर पडलेल्या माहितीच्या मागे जाणारे मात्र अजूनही कोणी नव्हते.

ते काम कायद्याकडे गेले, जसे कूपर आणि मॉरिस यांच्या बाजूने म्हटले होते. मे २०१८ पासून लागू झालेल्या युरोपच्या जीडीपीआर कायद्याने वैयक्तिक माहितीच्या व्याख्येतच स्थानाचा नावाने उल्लेख केला आणि ठरावीक हेतू, ठरावीक काळ ही तत्त्वे बंधनकारक केली. भारताचा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला. त्यातही संमती विशिष्ट हेतूपुरती असावी आणि हेतू संपला की माहिती पुसावी, असे आहे. २००५ च्या लखोट्यावरचे दोन रकाने असे वेगळ्याच मार्गाने परत आले. पण नियामकाने एखाद्या कंपनीला विचारले, की या माणसाने तुम्हाला कोणत्या अटीवर स्थान दिले होते, तर दाखवायला त्या माहितीच्या अंगावर काहीच लिहिलेले नसते. कंपनीचे धोरण वाचावे लागते, आणि ते कंपनीनेच लिहिलेले असते.

जुना कार्यगट केव्हाच विसर्जित झाला आहे. डब्ल्यूथ्रीसीच्या दुसऱ्या एका गटाने प्रमाणकाची डागडुजी करून सप्टेंबर २०२२ मध्ये नवी शिफारस प्रसिद्ध केली. तीत कूटबद्ध पानाची अट आली, परवानगीची आधुनिक यंत्रणा आली. माहिती घेणाऱ्यांसाठीचा विभागही आहे. जुन्या मजकुरात तिथे आज्ञार्थी भाषा होती. नव्या मजकुरात सांगितले आहे की या गोष्टी पाळून घेणे ब्राउझरला किंवा या प्रमाणकाला शक्य नाही, तरी पाने लिहिणाऱ्यांनी खालील सूचना काळजीपूर्वक वाचाव्यात आणि शक्य तितक्या पाळाव्यात. चौदा वर्षांपूर्वी ब्राउझरवाले वादात जे म्हणत होते, ते आता खुद्द प्रमाणकात छापले गेले आहे.

आणि तो लखोटा? तो नाहीसा झालेला नाही. अमेरिकेत ९११ ची नवी, इंटरनेटवर चालणारी यंत्रणा उभी राहत आहे, तिच्यात संकटात सापडलेल्या माणसाचे स्थान याच २००५ च्या लखोट्यातून जाते. वापराच्या अटींसाठी त्यात ठेवलेला रकाना आजही आहे. तंत्रज्ञांसाठी छापलेल्या नमुन्यांत तो बहुधा रिकामा असतो.